खाटेच्या उंचीचं बटण

आप्पा,

आज सकाळी राजारामपुरीत एका घरी पंख्यांचं काम बघायला गेले होते. घर नवं, नवरा-बायको दोघंही नोकरीला. त्या बाईंना सगळ्या खोल्यांत ती काचेची बटणं हवी होती, नुसतं बोट टेकवलं की पंखा सुरू होतो ती. मी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "पंखा लावणार, बंद करणार कोण जास्त करून?" बाई हसल्या. "कोण म्हणजे? दिवसभर घरात आईच असतात." त्यांच्या सासूबाई तिथंच खुर्चीत बसल्या होत्या, संधिवातानं दोन्ही हातांची बोटं आत वळलेली. नमुन्याची बटणं माझ्या पिशवीत असतातच, ती मी त्यांच्या मांडीवर ठेवली. काचेवर त्यांचं एक बोट काही टेकेना, सगळी मूठच टेकायची. मग रुंद पट्टीचं एक साधं बटण त्यांनी मुठीच्या पाठीनं दाबलं, टक्कन वाजलं, आणि म्हातारी खूश झाली. "ह्ये बेस हाय बघ!" सूनबाईही लगेच म्हणाल्या, "मग आईंच्या खोलीत हेच बसवा." जिना उतरता उतरता माझ्या लक्षात आलं, तो प्रश्न माझा नव्हताच, तुमचा होता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. मनातल्या मनात तुमच्याशी रोज बोलते, पण कागदावर कधी लिहिलं नव्हतं. आज लिहावंसं वाटलं.

बाकीचे वायरमन घरात शिरले की 'पॉइंट किती?' म्हणून विचारतात. तुम्ही विचारायचात, "दाबणार कोण?" मग त्या घरातली म्हातारी, तिथली शाळकरी पोरं, ओल्या हातानं मोरीतून धावत येणारी बाई, सगळ्यांची चौकशी व्हायची, आणि मगच भिंतीवर पेन्सिलीची खूण पडायची. त्यानंतर लक्ष्मीपुरीत जाऊन बटण निवडायचं, तो एक वेगळाच सोहळा. दुकानदार सगळं खोकंच तुमच्यापुढं सरकवायचा. तुम्ही एकेक बटण उचलून कानाशी न्यायचात, दाबायचात, परत दाबायचात. आवाज कच्चा वाटला की ते बाजूला. दुकानदार ओरडायचा, "आप्पा, बटण घ्यालाय का पोरीला नवरा बघालाय?" तुम्ही न हसता म्हणायचात, "नवरा परवडला. त्यो बोलून तरी दाखवतोय." मी कॉलेजातून येताना कधी तिथं गाठ पडली तर मला उभं करून समजावून सांगायचात, "बल्ब म्हंजे गरीब. बंद म्हटलं की बंद. पंख्यात मोटार हाय, ती सुटताना हिसका देती. बटणाच्या आत ठिणगी पडती. स्प्रिंग ढिली असली की ठिणगी रेंगाळती आन् आतली पत्ती जळती. पंख्याला पाच अँपियर बास झालं, पण बटण उघडलं तर झटक्यात उघडाय पायजे." तेव्हा मला वाटायचं, हे ऐकून मला काय करायचंय? मी बी.कॉम. करत होते. तरी कवितेसारखं ते कानात राहिलं.

आपलं उचगावातलं घर दोन खोल्यांचं, गल्लीच्या टोकाला विहार. गल्लीतल्या बहुतेक घरांत पंखे टांगले ते तुम्हीच, पण आपल्या घरी पंखा आला सगळ्यांच्या नंतर. तोही कुणीतरी काढून टाकलेला, तुम्ही स्वतः वाइंडिंग भरून घेतलेला. तो स्वयंपाकघराच्या आणि बाहेरच्या खोलीच्या मधोमध टांगायचा तुमचा हट्ट, म्हणजे दोन्हीकडं वारा लागेल. आई परातीत भाकरीचं पीठ मळत बसली होती. तुम्ही मोठ्या कौतुकानं बटण दाबलंत, आणि कोरडं पीठ सगळं उडून आईच्या केसांवर, भुवयांवर जाऊन बसलं. "बंद करा ओ त्येला! एका दिसात म्हातारी केली मला!" आई ओरडतेय, मी हसतेय, आणि तुम्ही बटणापाशी उभं राहून अगदी गंभीरपणे म्हणताय, "वारा तर चांगला हाय की." आई पदरानं तोंड पुसता पुसता शेवटी हसली. त्या घरातलं हसणं आठवायचं म्हटलं की मला आधी तेच आठवतं.

मी बी.कॉम. होऊन घरी बसले, स्थळं येत होती, त्या सुमाराला तुम्ही धडपडायला लागलात. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. वाटेत ठेवलेल्या घागरीला पाय लागून पाणी सांडायचं. विहारात शेजारी बसलेल्या माणसाच्या हातावर पाय पडला. एका घरी पंखा टांगताना स्टूल सरकलं आणि तुम्ही खाली आलात, तेव्हा घरमालक बोलला म्हणे, "आप्पा, आज जावा. उतरल्यावर उद्या या." ते वाक्य गल्लीभर झालं. आपल्या घरात तुम्ही पंचशील घेतलेले, चहाशिवाय दुसरं काही न पिणारे, आणि लोक म्हणायला लागले, आप्पा आताशा घ्याय लागलेत. तुम्ही सायकल सोडलीत, गुडघा दुखतोय म्हणालात. लोकांनी त्याचाही अर्थ तोच लावला. आईनं एकदा सरळ विचारलं, "खरं हाय का हो?" तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. त्या दिवसापासून आई तुमच्यापुढं ताट ठेवायची ती आवाज करून. विहारात पुढं बसणारी ती मागच्या भिंतीला टेकून, मान खाली घालून बसायला लागली.

एका सकाळी तुम्ही पिशवी घेऊन बाहेर पडलात आणि आई मला म्हणाली, "जा त्यांच्या मागनं. कुठल्या गुत्त्यात बसत्यात तेवढं बघून ये. खरं काय ते एकदा कळू दे मला." बसमध्ये तुम्ही पुढं बसलात, मी मागच्या दारानं चढले. लक्ष्मीपुरीत तुम्ही उतरता, मी थोडं अंतर ठेवून चालते. तुम्ही गुत्त्याकडं वळत नाही. नेहमीच्या दुकानात जाता, कानाशी बटणं वाजवता, थोडी पिशवीत घालून बाहेर पडता. रस्ता ओलांडताना मात्र तुम्ही सबंध मान वळवून एकीकडं बघता, मग सबंध मान वळवून दुसरीकडं, झापडं लावलेल्या घोड्यासारखं. मला ते विचित्र वाटतं, तरी अजून काही कळत नाही. आणि मग एका दुकानापुढं लावलेल्या सायकलीवर तुम्ही चालत जाऊन आदळता. उन्हं चांगली लख्ख पडलेली, सायकल तुमच्या उजव्या हाताला, आणि तुम्ही तिच्यासकट खाली. सायकलवाला धावत येतो. "ए बेवड्या! दिसत न्हाय व्हय?" तुम्ही उठता, हात जोडता आणि हसून म्हणता, "चुकलं पावणं. जरा जास्त झाली सकाळी." तो माणूसही हसतो. "घरला जावा, झोपा," म्हणतो आणि तुमची पिशवी उचलून तुमच्या हातात देतो.

मी जाऊन तुमचा दंड धरला. मी बाजूनं आले म्हणून तुम्ही केवढ्यानं दचकलात. तुमच्या तोंडाला वास होता तो चहाचा. "आप्पा, तुम्ही प्यालेले नाहीत," मी म्हणाले. तुम्ही मला चहाच्या गाड्यावर नेलंत, बाकावर बसवलंत, आणि समोरच्या भिंतीकडं बघत सांगितलंत, "सरळ म्होरं बघितलं तर टेस्टरचा बारका दिवा बी दिसतोय मला. पण कडंचं सगळं गेलंय. नळीतनं बघितल्यागत दिसतंय." सरकारी दवाखान्यात तुम्ही कधीच एकटे जाऊन आला होता. काचबिंदू. गेलं ते परत येत नाही, उरलेलं थेंबांनी जमेल तेवढं धरून ठेवायचं, आणि तुम्ही उशिरा आलात, असं डॉक्टर म्हणाले होते.

"मग लोक दारुडा म्हणतात ते ऐकून का घेता?"

"दारुड्या वायरमनला लोक काय म्हणत्यात? उतरल्यावर उद्या या. आंधळ्या वायरमनला उद्या या कोण म्हणंल?"

मला रडू यायला लागलं. तुम्ही कपबशी माझ्याकडं सरकवलीत. "मी प्यालोय असं माझ्या तोंडानं कधी म्हणालो न्हवतो. लोकच म्हणायची. आज पयल्यांदा म्हणालो." मग स्वतःशीच हिशेब केल्यासारखं, "म्हंजे चवथं शील मोडलं, खोटं न बोलायचं. पाचवं, दारूचं, न्हाय." आईला सांगूया असं मी म्हटलं तर तुम्ही हात झटकलात. आई रडणार, आई रडली की गल्लीला कळणार, आणि गल्लीला कळलं की हातातली कामं जाणार. मी तेव्हा तेवीसेक वर्षांची असेन. तुमचं म्हणणं मला चूक वाटत होतं, तरी मी ऐकलं. घरी जाऊन मी आईला सांगितलं, गुत्त्यात काही ते गेले नाहीत, पण उद्यापासून मी त्यांच्याबरोबर कामाला जाते. आई म्हणाली, "जा. राखण तरी हुईल."

असं माझं शिक्षण सुरू झालं. तुम्ही खाली, मी स्टुलावर. लोकांना नवल वाटायचं, तुम्ही सांगायचात गुडघा दुखतोय म्हणून पोरीला घेतलंय. सुरुवातीच्याच दिवसांत शाहूपुरीत एका मास्तरांच्या घरी गेलो होतो. बाळंतिणीच्या खोलीतला पंखा नुसता गुरगुरत होता, फिरत नव्हता. खालनं ऐकूनच तुम्ही म्हणालात, "कंडेन्सर गेलाय." मी बटण बंद केलं, वर चढले, पंख्याची वाटी खाली सरकवली आणि वायरीला हात घालणार तेवढ्यात तुम्ही खालून ओरडलात, "टेस्टर लावलास का?" मी म्हटलं, "बटण बंद केलंय की आप्पा." त्यावर तुम्ही जे बोललात, त्या मास्तरांच्या देखत, त्यांच्या बायकोच्या देखत, ते मी इथं लिहीत नाही. शेवटचं तेवढं लिहिते. "बटणावर इस्वास ठेवतीस? बटण कुणी बसवलंय त्येला वळखतीस काय?" रागानं माझे कान लाल झाले होते. तसाच टेस्टर टेकवला, आणि तो पेटला. बटण बंद, पंखा थांबलेला, आणि वायरीत वीज जिवंत. आधीच्या कुणी वायरमननं बटण वीज आणणाऱ्या फेजच्या ऐवजी परतीच्या न्यूट्रल तारेवर टाकलं होतं. बटण बंद केलं की पंखा थांबायचा, पण वीज पंख्यापर्यंत येऊन वाट बघत बसलेली असायची. दिवाळीला पंख्याची पाती कोण पुसतं, असं तुम्ही मास्तरांना विचारलंत. ते म्हणाले, आमची आई, टेबलावर चढून. तुम्ही मेन स्विच पाडायला सांगितलंत आणि त्या दिवशी आपण त्या घरातलं प्रत्येक पंख्याचं बटण उघडून फेजवर घेतलं.

येताना बसमध्ये मी खिडकीकडं तोंड करून बसले होते. तुम्ही दोघांची तिकिटं काढलीत. मग म्हणालात, "वरडलो म्हणून राग धरू नगंस. तू पडली असतीस तर मला दिसलं बी नसतं." आप्पा, बाकीच्या सगळ्या शिकवणीपेक्षा ते एक वाक्य मला पुरलं. आजही स्टुलावर चढले की आधी टेस्टर बाहेर काढते, स्वतःच्या हातानं बसवलेलं बटण असलं तरी.

आईला कळलं ते उन्हाळ्यात. दुपारची लाईट गेलेली होती, म्हणून तुम्ही घरातल्या बोर्डाचं काम काढलंत. दाराजवळ तुम्हीच बसवलेली पांढरी, एका ओळीतली नवी बटणं होती. त्यातलं पंख्याचं तुम्ही उचकटून काढलंत, आणि तिथून वायर लांबवून खाटेच्या उशाशी, झोपल्या जागेवरून हात पोहोचेल एवढ्या उंचीवर, एक जुनं काळं गोल बटण बसवायला घेतलंत. मधोमध नाकासारखा दांडा असलेलं, दांडा खाली केला की चालू आणि वर केला की बंद. मी स्क्रू धरून उभी होते. आई चुलीपाशी होती, ती तशीच पिठाचे हात घेऊन बाहेर आली.

"चांगलं बटण काढून ह्ये भंगार कशाला लावालाय?"

"त्या नव्या बटणाचं चालू हाय का बंद, माझ्या बोटाला कळत न्हाय. बोटं राठ झाल्यात. ह्येचा दांडा हातात गावतोय. लाईट गेली असली, पंखा थांबला असला, तरी बटण काय म्हणतंय ते हाताला कळाय पायजे."

"हाताला कशापायी? डोळं न्हाईत व्हय?"

तुम्ही स्क्रू आवळत राहिलात. आईचा आवाज चढला. "आन् बल्बचं? बल्बचं बटण बी आणा की खाटंवर!"

"ते दाराजवळच ऱ्हाऊ दे, तुझ्या हातापाशी," तुम्ही म्हणालात. "बल्ब तुला लागंल. मला पंखा बास."

आई तिथंच उभी राहिली. तिनं तुमच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि मी नजर खाली घातली. त्यातच तिला सगळं कळलं असावं. ती खाटेवर बसली. पिठाच्या हातानंच तिनं तुमची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं, आणि दुसरा हात हळूहळू तुमच्या कानाच्या बाजूनं पुढं आणला. हात अगदी डोळ्यापुढं येईपर्यंत तुमची पापणीसुद्धा हलली नाही. "कधीपास्नं?" तिनं विचारलं. तुम्ही सांगितलंत. ती म्हणाली, "आन् मी तुमच्या पुढ्यात भाकरी आपटत हुते." तुम्ही म्हणालात, "गरम हुत्या की भाकरी." आई आधी रडली, मग तुम्हाला शिव्या दिल्या, मग उठून चुलीवरची करपलेली भाकरी काढायला गेली.

पुढच्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली आणि आई उभी राहिली. चार लोकांत कधी तोंड न उघडलेली बाई, अंगावर पांढरं लुगडं, आवाज चांगला मोठा. "माझं मालक दारू पीत न्हाईत. त्यांस्नी दिसत न्हाय. कुणाला धक्का लागला तर आदी हात धरा, मग नाव ठेवा." एवढंच बोलली आणि भिंतीला टेकून न बसता पुढं, आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसली. घरी आल्यावर तुम्ही तिच्यावर चिडलात. "धंदा बुडवलास," म्हणालात. ती म्हणाली, "बुडू दे. मान तरी वर झाली."

तुमचंही खरंच ठरलं. पावसाळा लागेपर्यंत कामाला बोलवायला कुणी आलं नाही. लोक चौकशीला यायचे, हळहळायचे, केळी ठेवून जायचे, पण पंखा बिघडला की दुसऱ्याला बोलवायचे. तुम्ही बाहेरच्या पायरीवर बसून जुने रेग्युलेटर खोलायचात आणि परत जोडायचात. मग विहाराशेजारी बालवाडी चालवणाऱ्या बाई आल्या. त्यांच्या खोलीत दोन पंखे टांगायचे होते. त्या दारातूनच म्हणाल्या, "पोरगी वर चढती, आप्पा खाली बसत्यात. मग अडचण कसली?" ते काम झाल्यावर तिथं पोरांना सोडायला येणाऱ्या आया तुम्हाला बघायच्या, खुर्चीत बसून मला सूचना देताना, आणि एकेक करून त्यांच्या घरची कामं येऊ लागली. आईनं माझ्या पंजाबी ड्रेसला दोन्ही बाजूंना मोठे खिसे शिवून दिले, खोल, दुहेरी शिलाईचे, स्क्रूंनी फाटू नयेत म्हणून.  मला तो खिसा म्हणजे तिची परवानगी वाटली. पुढं मी परवान्याची परीक्षा दिली, पास झाले, त्या दिवशी तुम्ही तुमची पकड माझ्या हातात देऊन म्हणालात, "आता माझ्यावर वरडायचं काम तुझं."

नंतरची वर्षं आठवली की मला अजून बरं वाटतं. लोडशेडिंगचे दिवस होते, पण कामं होती. माझं लग्न झालं, आमचे हे मलकापूरचे, शाळेत शिक्षक. मी वायरमन आहे हे कळल्यावर आधी बघायला आले आणि मग मागणी घातली. तुम्ही त्यांना पहिल्याच दिवशी विचारलंत, "घरात पंख्याचं बटण कुठल्या बाजूला हाय?" त्यांना सांगता आलं नाही. तरी तुम्ही हो म्हणालात. तुमची नजर या काळात कडेकडेनं आत सरकत गेली. एका संध्याकाळी मी माहेरी आले होते, आपण तिघं बाहेरच्या खोलीत बसलो होतो, डोक्यावर बल्ब चालू होता. तुम्ही एकदम म्हणालात, "लाईट गेली काय गं?" मी आईकडं बघितलं. आईनं मात्र नेहमीच्याच आवाजात सांगितलं, "लाईट हाय. पंखा पायजे काय?" तुम्ही उशाशी हात नेलात, दांडा खाली केलात. पंखा फिरायला लागला तेव्हा तुम्ही तोंड वर करून वारा घेतलात. "चालू हाय," म्हणालात. 

तुम्ही गेलात ते साध्या न्यूमोनियानं, थोड्या दिवसांच्या दुखण्यात. अंत्यविधीला जी माणसं आली त्यांतल्या कितीजणांना मी ओळखतही नव्हते. घरात शिरताना जो तो छताकडं बघत होता, हे मला तेव्हा फार विचित्र वाटलं होतं. नंतर आईनं सांगितलं, "त्यांच्या घरातलं पंखं तुझ्या आप्पांनीच टांगल्यात न्हवं? बघत्यात, आपल्यागतच हाय का." आई तुमच्यामागं काही वर्षं राहिली. तिच्या शेवटच्या दिवसांत मी उशाशी बसून असायचे, आणि पंखा जोरात झाला की ती मला लहान मुलीला रागवावं तसं रागवायची, मी पन्नाशीकडं झुकले होते तरी.

आप्पा, इतकं सगळं लिहिलं ते सकाळच्या बटणाचं निमित्त करून. खरं कारण वेगळं आहे. गेल्या महिन्यात मी चष्म्याचा नंबर बदलून घ्यायला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, डोळ्यांतला दाब बघितला, परत बघितला आणि विचारलं, "घरात कुणाला काचबिंदू होता का?" मी म्हटलं, वडिलांना. ते म्हणाले, नुसती सुरुवात आहे, वेळेवर कळलंय, थेंब रोज नियमानं घातलेत तर घाबरण्यासारखं काही नाही. तुम्हाला मिळालं नाही ते मला मिळालंय, एवढं मलाही कळतं. थेंबांची बाटली मात्र मी हत्यारांच्या पिशवीत, चिकटपट्टीच्या रिळांखाली ठेवली आहे. डोळे लाल का दिसतात असं यांनी काल विचारलं, तर मी भिंत फोडताना धूळ गेली म्हणाले. आईपासून लपवलंत म्हणून मी तुमच्यावर मनातून कितीतरी वर्षं चिडून होते, आणि माझ्याही तोंडून ते बाहेर पडत नाही. कामं जातील अशी भीती नाही मला. कशाची आहे, ते तुम्हाला विचारायचं होतं.

शेवटची वर्षं तुम्हाला पेपर मीच वाचून दाखवायचे. पत्र पोहोचलं असतं तरी ते वाचायला मीच लागले असते. तेव्हा हे पाठवणं राहू दे. हे शाळेतून आले आहेत, स्वयंपाकघरात चहा ठेवतायत. त्यांना बोलावून, खुर्चीत बसवून, हेच सगळं पहिल्यापासून वाचून दाखवावं म्हणते. पहिला भाग मी नीट वाचेन. आईच्या केसांत पीठ उडतं तिथं ते हसतील. पण डॉक्टरांचं आलं की माझा आवाज नीट राहील असं काही मला वाटत नाही.